पान लागलं

मुठा गावाच्या वरच्या अंगाला डांबरी रस्ता सोडला आणि कच्च्या वाटेनं पंधरा मिनिटं चढलं, की आमचं केंद्र लागतं. केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक पडवी, पाण्याची टाकी आणि भोवती बारीक जाळीचं कुंपण. इथं घोणशींची पैदास होते आणि ती मी करते. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग माझ्या हातांची बोटं मोजतो आणि मग त्याला अचानक काहीतरी काम आठवतं. बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना सांगितलं गेलं होतं की मी ‘वनखात्याशी संबंधित’ असं काहीतरी करते. मीही मान डोलावली आणि जिलबी घेतली.

काम तसं रुक्ष आहे. सर्पदंशावरचं औषध सापाच्याच विषापासून तयार होतं. ठिकठिकाणच्या घोणशींचं विष एकसारखं नसतं, म्हणून आपल्या भागातल्या घोणशींचं विष तपासावं लागतं, आणि त्यासाठी घोणशी लागतात. रानातून धरून आणलेली घोणस पेटीत बरेचदा खाणं सोडते आणि झुरून मरते. पेटीतच जन्मलेली मात्र पेटीलाच घर समजते. म्हणून रीतसर परवानगी काढून ही पैदास. विष काढायला आठवड्यातून एकदा पुण्याहून दोघंजण येतात, गाडीचं तोंड परतीच्या दिशेला करून लावतात आणि काम आटोपून जेवायच्या आत निघून जातात. बाकीचे सहा दिवस मी आणि त्या.

पण हे लिहायला बसले ती घोणशींसाठी नाही. एका शब्दासाठी बसले. तो शब्द मला माहीत नव्हता. त्यापायी एक माणूस गेला, आणि त्याच्या बायकोला वाटत राहिलं की तो तिच्या चुकीनं गेला. तिला खरं सांगायचं की नाही, यात मी पंधरा दिवस घालवले. सांगितलं असतं तर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं आणि माझ्याशी बोलणारं एकमेव माणूस गेलं असतं. हिशेब इतका सोपा असूनही मला पंधरा दिवस लागले.

आमच्या कुंपणाखाली भातखाचरं आहेत आणि खाचरांच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर. त्या घरात एक नवरा-बायको राहायचे, दोघंही साठीच्या पुढचे. लेक पुण्याजवळच्या माण गावात राहतो. मी त्यांना मावशी आणि काका म्हणायचे. त्या मला बाई म्हणायच्या, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

आमची ओळख एका नियमामुळे झाली. घोणशीची पेटी उघडताना खोलीबाहेर दुसरं माणूस पाहिजे, हातात फोन घेऊन, असा आमचा नियम आहे. नियम चांगलाच आहे, फक्त दुसरं माणूस आणायचं कुठून हे त्यात लिहिलेलं नाही. आधी एक सहकारी होता. त्याचं लग्न ठरलं, मुलीनं विचारलं साप की मी, आणि त्यानं शहाणपणा केला. मग वर्षभर मी एकटीच पेट्या उघडायचे आणि वहीत दोघांच्या हजेरीच्या खुणा करायचे. एक दिवस मावशी शेतातल्या वालाच्या शेंगा द्यायला म्हणून आल्या आणि काचेच्या खिडकीशी थबकल्या. मी लांब दांड्याच्या लोखंडी आकड्यावर घोणस उचलून दुसऱ्या पेटीत ठेवत होते.

बाहेर आले तर त्यांनी शेंगा दिल्याच नाहीत, आधी फैलावर घेतलं.

“आत येकट्याच? आन् काय झालं म्हंजी?”

“काय व्हायचंय?”

“त्ये काय सांगून हुतंय व्हय?”

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज अकराला यायला लागल्या. काचेबाहेर स्टूल टाकून बसायच्या, मांडीवर फोन, हातात निवडायच्या तांदळाचं सूप. मी आत पेट्या साफ करायचे, त्या बाहेर खडे वेचायच्या. घोणशीनं फुत्कार टाकला की काचेबाहेरही कुकरची शिट्टी सुटल्यासारखा ऐकू यायचा. मावशी मान वर करून मी उभी आहे ना एवढं बघायच्या आणि पुन्हा खडे वेचायच्या. काम संपलं की मी पडवीत चहा करायचे. सुनेच्या तक्रारी, काकांचं पानाचं व्यसन, कुणी कुणाला जमीन विकली आणि बंगलेवाल्यांनी कुठली वाट अडवली, हे सगळं मला चहाबरोबर मिळायचं. रविवारी त्या लेकाकडे गेल्या की मी दिवसभर कुणाशी चकार शब्द बोलायचे नाही, आणि संध्याकाळी दूधवाला आला की माझा आवाज घोगरा निघायचा. एका माणसाची मला इतकी सवय लागली होती, आणि मला ते आवडतही नव्हतं.

मावशींनी साप हा शब्द कधी उच्चारला नाही. लांबडं म्हणायच्या, नाहीतर जनावर. नाव घेतलं की येतं म्हणे. मी त्यांना समजावायचे की मावशी, त्यांना कान नसतात, नाव कसं ऐकतील?

“तुमाला कशानं ठावं? तुमी नुसती पुस्तकं वाचल्याली.”

मला हसू यायचं. विषातला एकेक घटक मला इंग्रजीत तोंडपाठ होता. सापाबद्दल मुठ्याच्या खोऱ्यात कुणाकडून काही शिकायचं बाकी असेल, असं माझ्या डोक्यातही कधी आलं नाही.

पैदास म्हणाल तर पाच वर्षं माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते. थंडीत खोली गार ठेवायची, नर आणि मादी एका पेटीत सोडायचे, मग सहा महिने वाट बघायची. शेवटी पेटीत न फळलेल्या अंड्यांचे पिवळे गोळे तरी मिळायचे नाहीतर मेलेली पिल्लं. दर वर्षी मी अहवालात ‘यश आले नाही’ असं लिहायचे. त्या वर्षी मात्र एक मादी अंगानं भरत गेली, खाणं कमी करून सारखी दिव्याच्या उबेला पडून राहायला लागली. मावशींनी सुनेची करावी तशी तिची चौकशी सुरू केली.

“कितवा?”

“सहावा लागेल आता.”

“मंग उगं हलवू नगा तिला. आन् तुमीबी जरा हळू आवाजात बोला, वसकन् बोलता.”

मी वसकन् बोलते हे खरं आहे. आमच्या घरात सगळेच तसं बोलतात.

जुलैतली सकाळ होती. खाली खाचरांत लावणी चालली होती, त्यामुळे आठवडाभर मावशी काही येत नव्हत्या आणि मी नियम मोडून एकटीच काम करत होते. आठच्या सुमाराला पेटीत पहिलं पिल्लू दिसलं. पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं, आणि हलत होतं! थोड्या वेळानं ती पिशवी फाडून त्यानं डोकं बाहेर काढलं. मग दुसरं, मग तिसरं. हातभरही नाही, वीतभर लांबीचं एकेक, पण अंगावरच्या साखळीच्या नक्षीसकट पुरी घोणस. मी काचेला नाक लावून बसले होते आणि रडत होते. चव्वेचाळीस वर्षांची बाई सापाची पिल्लं बघून रडते म्हटल्यावर कुणीही हसेल. हसा. माझं त्या दिवसापर्यंत दुसरं काही मनासारखं झालेलं नव्हतं.

सतरावं पिल्लू मोजलं आणि फोन वाजला. मावशींचा होता.

“बाई, मालकांना पान लागलंय वो. बांधाव बसल्यात. काय करू?”

“कधी?”

“आत्ताच. ह्ये आत्ता.”

“नीट बोलतायत ना?”

“बोलत्यात की. घाम सुटलाय जरासा.”

“मग घाबरू नका. चूळ भरायला लावा, गार पाणी पाजा आणि सावलीत आडवं करा. अर्ध्या तासात उतरतं.”

“उतरतं न्हवं?”

“उतरतं हो. आणि मावशी, पिल्लं झाली! जिवंत आहेत सगळी!”

“आगं बाय माझे!” त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

माझे वडील सुपारी खायचे. कधीतरी त्यांना सुपारी लागायची. छातीत दाटून यायचं, घाम फुटायचा, खुर्चीचा हात धरून बसायचे. आई चूळ भरायला लावायची, पाणी द्यायची, आणि थोड्या वेळानं ते आपोआप उतरायचं. काकांच्या कमरेला चंची, गालात कायम पान, आणि त्यात ते कडक तंबाखू टाकायचे. पान लागलं म्हणजे दुसरं काय असणार? मला शंकासुद्धा आली नाही. मी अठरावं पिल्लू मोजलं.

एकतीस झाली. एकही मेलेलं नाही. मी वहीत वेळा लिहिल्या, हात धुतले, पुण्याला वरिष्ठांना फोन लावायला पडवीत आले, तर मावशी कुंपणाचं फाटक ढकलून आत येत होत्या. पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले, डोक्यावरचा पदर घसरलेला. त्या कधी पळत नसत.

“बाई, उतरंना की वो. वर चढतंय. गुडघ्यापातुर सुजलंय.”

“गुडघ्यापर्यंत? पायाला काय झालं?”

“म्हनलं न्हवं का तुमाला, पान लागलं म्हून!”

मग मला कळलं. नाव घ्यायचं नाही म्हणून लांबडं, आणि साप चावला म्हणायचं नाही म्हणून पान लागलं. त्या इतकी वर्षं माझ्यासमोर बसून तेच करत होत्या आणि मी हसत होते. मी गाडीची किल्ली घेतली. घड्याळ बघितलं. फोन आल्याला एक तास दहा मिनिटं झाली होती.

काका बांधालगतच्या आंब्याखाली घोंगडीवर पडले होते. घोट्याच्या वर दोन ठिपके, पाय काळानिळा, हिरड्यांतून रक्त. लावणीच्या बायांनी घोंगडीसकट उचलून त्यांना गाडीत घातलं. घाट ओलांडून पौडला पोचेपर्यंत मावशी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी एकदाही आरशात मागे बघितलं नाही. पौडच्या डॉक्टरांनी क्षण दवडला नाही. सुई टोचता टोचता त्यांनी विचारलं, “चावून किती वेळ झाला?”

मी वेळ सांगितली.

“मग इतका वेळ काय करत होतात?”

“बसलो हुतो,” मावशी म्हणाल्या.

मी तिथंच उभी होते. त्यांच्यापासून दोन हातांवर होते. काही बोलले नाही.

पुढे पुण्याला नेलं. मूत्रपिंडं बंद पडली, ती काही पुन्हा चालू झाली नाहीत. पाचव्या दिवशी काका गेले.

गावात एकच बोललं गेलं, ते जनावर माझ्याकडचं होतं. आठ-दहा माणसं फाटकाशी आली. वनरक्षक आले, त्यांनी एकेक पेटी, एकेक कुलूप, एकेक पिल्लू वहीशी ताडून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. बांधावरची घोणस रानातली होती, ती तिथं असते, पावसाळ्यात तर असतेच. ज्या गुन्ह्याचा आरोप झाला तो मी केलेला नव्हता, आणि जो केला होता तो कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. त्यातून मावशी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. दारात बसायला आलेल्या माणसांना त्या बजावून सांगत होत्या, “बाईंचं नाव घिऊ नगा. त्यांनीच न्हेलं पौडला.” मी हे त्यांच्या ओट्यावर बसून ऐकत होते.

आणि पाठोपाठ त्या दुसरं सांगायच्या. “बाईंनी अर्धा तास सांगितला हुता. त्यांचा डोळा लागला, मी म्हनलं झोपू द्यावं घटकाभर. तासभर बसून ऱ्हायले. माझ्यामुळं गेले.” हे त्या जावेला सांगत, नणंदेला सांगत, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढ-उतार नाही. लेकानं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “आई, निदान कुणाला तरी हाक मारायचीस.” त्यानंतर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागला. जेवण वाढलं तर जेवायचा, आणि उठून बाहेर जायचा.

मला बोलायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, दहावा होऊ दे. मग म्हटलं, तेरावं होऊ दे, घर पाहुण्यांनी भरलंय. खरं कारण ते नव्हतं. मावशी गेल्या तर माझ्याकडे कोण येणार, हे माझं पहिलं दुःख होतं, आणि काका दुसरं. लिहिताना लाज वाटते, पण होतं तसंच होतं. वर केंद्रावर येऊन मी पिल्लांची वजनं करायचे. पहिली कात टाकून झाली होती, इवलाले उंदीर खायला लागली होती, अगदी नमुनेदार वाढत होती. त्यांची आई पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सैल कातडीनं पडून होती, तिला वेगळी केली. पुण्याहून वरिष्ठांचा अभिनंदनाचा फोन आला. मी आभार मानले आणि फोन ठेवून पुन्हा वजनं करायला बसले.

पंधराव्या दिवशी लेक कामावर परत गेला. मी दुपारी खाली उतरले. मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आत चुलीवर चहाचं आधण ठेवून आल्या आणि पुन्हा तेच सुरू केलं, बाईंनी अर्धा तास सांगितला हुता.

“मावशी, थांबा,” मी म्हटलं. “तुम्ही फोन केलात तेव्हा मला वाटलं, काकांना तंबाखू लागली.”

“तंबाखू?”

“पान लागलं म्हणजे साप चावला, हे मला माहीत नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमाला? तुमाला ठावं न्हवतं?”

“नाही.”

“मंग त्यो अर्धा तास?”

“तंबाखूचा.”

त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या, “म्हून चूळ. मालक म्हनले, लागलंय पायाला आन् बाई चूळ भराय सांगत्यात. मी म्हनलं, भरा गुमान, त्यास्नी आपल्यापरीस कळतं. मंग हसले. तुमची पिल्लं झाल्याली सांगितलं, तर म्हनले, पेढं माग बाईंकडं. आमी घाबरलोच न्हाई. तुमी घाबरला न्हाई म्हून.”

आधण उकळून चुलीत सांडायला लागलं, मी आत जाऊन ते उतरवून आले.

“तवाच न्हेलं असतं तर वाचले असते?”

“बहुतेक.”

“बहुतेक नगं. सरळ सांगा.”

“वाचले असते,” मी म्हटलं. कुठलाही डॉक्टर इतकं ठामपणे सांगणार नाही. मी सांगितलं.

“मंग मी बसले, त्यात माझं काय चुकलं न्हाई.”

“काहीच नाही. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत.”

त्यांनी कंबरेला खोचलेला फोन काढून माझ्यापुढे धरला. “ह्ये लेकाला सांगा. आत्ता.”

मी लावला. तो कामावर होता, मागे लोकांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, अगदी सतराव्या पिल्लापासून. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “आईकडं द्या.”

मावशींनी फोन कानाला लावला आणि त्या आत गेल्या. आधी काही ऐकू आलं नाही. मग त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, गळा काढून. काका गेल्यापासून पहिल्यांदाच. मी ओट्यावरच उभी राहिले. रडणं थांबलं की मला आत बोलावतील, असं मला वाटत होतं. बऱ्याच वेळानं रडणं थांबलं. पावलं दाराशी आली, दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.